जायला पुरेल अशी बॅटरी

माझ्या खाटेखाली मेलेल्या बॅटऱ्यांची रांग आहे. माझी भाचेसून मनीषा केर काढायला वाकली की दर वेळी विचारते, "आत्या, भंगारवाल्याला देऊन टाकू का?" मी म्हणते, राहू दे. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. उपयोग काही नसतो, वजन असतं, जागा अडते, पण फेकवत नाहीत. आणि एकाला हात लावला की मागचे पाच सरकून पुढे येतात.

मी कौसल्या. पोलिओने दोन्ही पाय नेले तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. आमच्या गावची शाळा होती टेकाडावर आणि मला उचलून न्यायला कोणाला वेळ नव्हता. मग मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. पुढे इंदिरानगरला टेलिफोनचा बूथ मिळाला, तेव्हा डिरेक्टरीवर इंग्रजी शिकले. मला कोणी ज्ञान ताटात वाढलेलं नाही, मी ते ओरबाडून घेतलंय. बॅटरीचंही तसंच घेतलं. त्यामुळे मला कोणी "मावशी, तुम्हाला नाही कळणार" म्हटलं की मी आधी त्याला कळतंय का ते तपासते.

आमचा अड्डा जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी. लोक आत पळतात, आम्ही बाहेर बसतो. सगळे इलेक्ट्रिक व्हीलचेअरवाले. देशमुख सर गणिताचे मास्तर होते, त्यांची डावी बाजू गेलेली. पगारे अंबडच्या कारखान्यात होते, मशीनने गुडघ्याखालचे दोन्ही पाय घेतले. तिसरी मी आणि चौथी सुशीला. साखरेपायी तिचा एक पाय कापला, त्यानंतर ती आमच्यात आली.

म्हणजे, होती चौथी. आता आम्ही तिघंच. सुशीलाच्या मुलाने मखमलाबादला बंगला बांधला आणि तिला नदीपलीकडे नेलं. मला नव्या बॅटऱ्या घ्यायच्या होत्या त्या तिच्यापर्यंत जायला. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे मी मध्ये कुठे वाहवत गेले तरी तुम्ही चुकणार नाही.

*

पहिला किस्सा देशमुख सरांचा, कारण ते स्वतःला अड्ड्याचे अध्यक्ष समजतात.

आमच्या खुर्चीत दोन बॅटऱ्या असतात, बैलजोडीसारख्या. सरांच्या खुर्चीचा दम कमी झाला तेव्हा त्यांनी दोन्ही तपासून घेतल्या. एक पार गेलेली, दुसरी अजून धुगधुगी असलेली. सर म्हणाले, "जी गेली ती बदलायची. जी चालतेय तिला काढणं अन्याय आहे." बॅटरीवाला खैरनार हात जोडून सांगत होता की सर, जोडी एकदमच बदला. पण मास्तर माणूस, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलणार आणि पुसू देणार नाही.

एक नवी, एक जुनी, अशी खुर्ची निघाली. पहिला आठवडा काय तो रुबाब! मग चढावर दमायला लागली. मग सपाटीवर. पुढे पुढे फाटकापर्यंत येईनाशी झाली. खैरनारने उघडून पाहिलं तर जुनीने नवीलाही खाल्लं होतं. जुनीत काही टिकेना, म्हणून सगळा भार नवीवर, आणि ती बिचारी वय नसताना म्हातारी झालेली.

सर गंभीर होऊन आम्हाला समजावत होते की हे गणिताने आधी कळायला हवं होतं. शेजारी देशमुखकाकू उभ्या होत्या, हातात सरांचं औषध आणि पाण्याची बाटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला विचारायचं होतं. मी सांगितलं असतं काय होतं ते."

सरांनी गोळी घेतली. पाणी प्यायले. त्या दिवशी अध्यक्षीय भाषण झालं नाही.

*

पगारेंचा वेगळाच कारभार. त्यांच्या मुलाने हौसेने लिथियमची बॅटरी आणून बसवली. लिथियम म्हणजे हलकी. दोन जुन्या बॅटऱ्या उचलायला दोन माणसं लागायची, ही एका हातात आली. पगारे खूश. "ताई, लय हलकं वाटतंय. तरुण झाल्यावानी."

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या उतारावरून वर चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली आणि तरुण पगारे पाठीवर! खुर्ची त्यांच्यासकट उलटी, चाकं आकाशाकडे. लागलं नाही, नशीब. लोक धावले तर हे आडवे पडून म्हणतात, "घाई नका करू. बऱ्याच दिसांनी आभाळ दिसलं."

झालं असं होतं की जुन्या बॅटऱ्यांच्या वजनानेच ती खुर्ची जमिनीला धरून होती. शिवाय पुढे पायांचं वजन नाही. मग उपाय काय? पगारेंच्या बायकोने माहेरून आणलेलं जातं होतं, हळद दळायचं, छोटं. त्याची खालची तळी पाय ठेवायच्या पाटीवर बांधून टाकली. पाय नाहीत म्हणून जागा मोकळीच होती, हे मी म्हणत नाही, पगारेच म्हणतात. खुर्ची पुन्हा गुणी झाली.

पुढे माघात शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. हळद दळायला जातं पाहिजे. हल्ली कोणाकडे असतं जातं? सगळ्या कॉलनीत एकच, आणि त्याची अर्धी बाजू पगारेंच्या पायाशी. बायका ओवाळायचं ताट घेऊन आल्या, तळी सोडवली, आंब्याची पानं बांधली आणि वाजतगाजत घेऊन गेल्या.

दोन दिवस पगारे अड्ड्यावर नाहीत. मी फोन केला, बरं आहे ना म्हणून. तर म्हणाले, "बरं हाय. नवरीला हळद लागली की सुटतो."

*

दसऱ्याचा किस्सा मनीषा कोणाला सांगू देत नाही, म्हणून तो लिहूनच टाकते.

दसऱ्याला घरातल्या वाहनांची पूजा. संतोष, म्हणजे माझा भाचा, सकाळीच मोटारसायकल पाइपने धूत होता. मनीषाला वाटलं, आत्यांचं वाहन तेवढं राहिलं. तिने प्रेमाने माझी खुर्चीही धुतली. नुसती धुतली नाही, हाताशी ती दांडी असते ना चालवायची, ती ब्रशने घासली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि मला उचलून बसवून म्हणाली, "आत्या, करा सुरुवात."

मी बटण दाबलं. दांडीला हातही लावलेला नव्हता आणि खुर्ची जागच्या जागी गरगर फिरायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. माळ चाकात अडकून झेंडू सगळीकडे उडतायत. मनीषा आधी किंचाळली आणि मग तिने चक्क हात जोडले. पगारे नेमके सोनं द्यायला येत होते. फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, खुर्चीच्या अंगात आलंय. काय विचारायचं ते विचारून घ्या."

संतोषने कसंबसं बटण बंद केलं. खुर्ची दोन दिवस उन्हात आणि मी खाटेवर. दरवर्षी सोनं द्यायला मी सुशीलाकडे जायची, कारण बूथच्या काळापासून मी तिच्यापेक्षा लहान आहे असं मी ठरवून टाकलं होतं. त्या वर्षी ती आली. खुर्ची दाराशी लावली, आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत हलली नाही. "उद्या मी पण धुवून घेते माझी," ती म्हणाली. "म्हणजे तुला यावं लागेल."

*

बूथचं सांगितल्याशिवाय सुशीला कळायची नाही.

तेव्हा ती दोन पायांवर होती, चांगली धडधाकट, आणि तिचे यजमान आखातात होते. आठवड्यातून एकदा त्यांना फोन लावायला माझ्या बूथवर यायची. त्या वेळी बूथमध्ये लाल आकड्यांचं मीटर असायचं. माणूस बोलतो एकीकडे आणि डोळे मीटरवर. आईशी बोलताना मीटर, भांडताना मीटर, रडताना सुद्धा मीटर. सुशीला नवऱ्याशी फोनवर घाईघाईने बोलायची, फोन ठेवायची, पैसे द्यायची आणि मग माझ्या स्टुलाशेजारी बसून, जे त्याला सांगायचं राहिलं ते सगळं मला सांगायची. सावकाश.

मी शटर ओढेपर्यंत ती बसलेली असायची. काय बोलत होतो ते विचाराल तर मला आज एक वाक्य सांगता येणार नाही. भाजी काय केली, कोणाची सून कशी वागली, असलंच. सगळ्या बूथमध्ये मीटर नसलेलं बोलणं तेवढं आमचं होतं.

बूथ बंद पडले. तिचे यजमान परत आले आणि थोड्या वर्षांनी वारले. तिचा पाय गेला. खुर्ची आली, ती मी तिला शिकवली चालवायला. पहिल्या दिवशी ती थेट भाजीच्या गाडीवर गेली आणि मांडीत पडलेली कोथिंबिरीची जुडी उचलून भाजीवाल्याला म्हणाली, "आता आलेच आहे तर ही द्या."

*

एकदा आम्ही दोघी गणपतीला गेलो होतो, जवळच्याच देवळात. परत निघालो तर माझ्या बॅटऱ्यांनी मान टाकली. देवळाच्या फाटकातच. सुशीलाच्या भरलेल्या होत्या, ती घरी जाऊ शकत होती. मी म्हटलं, तू हो पुढे. तर म्हणाली, "आणि तू काय इथे एकटी मिरवणार?" संतोषला फोन केला, तो अंबडला कामावर. तास लागेल म्हणाला.

आरती सुटली, माणसं बाहेर पडायला लागली. एक बाई आल्या, चांगल्या शिकल्यासवरल्या, आणि वाकून माझ्या मांडीवर एक नाणं ठेवलं.

माझं डोकं फिरलं. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. बूथ चालवला, भावाचं घर सावरलं, भाच्याला शिकवलं. मी त्या बाईंना असं काही सुनावणार होते की पुन्हा देवळात येताना त्यांनी माझी आठवण काढली असती. तेवढ्यात सुशीलाने माझा हात दाबला.

"ओरडू नको गं. अजून तासभर बसू. नव्या बॅटऱ्या निघतील!"

मी हसले ते थांबेचना. तीही हसते, मीही हसते, दोन म्हाताऱ्या देवळाच्या दारात पोट धरून. त्या बाई घाबरून गेल्या. नाणं मी दानपेटीत टाकलं.

संतोष त्या दिवशी सांगितल्यापेक्षा लवकर आला. मोटारसायकल बाहेर लावून धापा टाकत आला बिचारा, खुर्ची ढकलत न्यायला. आणि मला त्याचाच राग आला. एक तास म्हणाला होता ना?

*

गेल्या दिवाळीनंतर सुशीला गेली. टेम्पोत तिची खुर्ची गाद्यांच्या वर उलटी ठेवली होती. ती मुलाच्या कारमध्ये पुढे बसली, काच खाली करून मला म्हणाली, "लांब कुठे आहे, नदी ओलांडली की आलंच."

तिचा मुलगा नितीन वाईट नाही. आईला वेगळी खोली दिली, खिडकीतून कोबीचं शेत दिसतं, कपाळाला आठी न घालता सगळं करतो. पण बंगल्याला पुढे पायऱ्या. मी फोनवर विचारलं, किती आहेत? ती म्हणाली, "तीनच गं." खुर्ची असलेल्याला तीन काय आणि तीस काय.

खुर्ची पोर्चमध्ये उभी राहिली. बॅटरीचा एक स्वभाव आहे, चालवून जेवढ्या मरत नाहीत तेवढ्या नुसत्या ठेवून मरतात. पावसाळा यायच्या आत तिच्या दोन्ही गेल्या. मी तिच्याशी फोनवर बोलत असताना मागून नितीनचा आवाज ऐकला. भाजी आणायला निघालो म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाला, "नव्या कशाला घ्यायच्या, आई कुठे जाते?"

सुशीलाने एकदम मला जेवलीस का म्हणून विचारलं. मीही ऐकलं नाही असं दाखवलं.

संतोषने मला दोनदा कारने नेलं. मित्राची कार मागून आणायची, त्यात माझी खुर्ची बसत नाही, म्हणून मला एकटीलाच न्यायचं. उतरताना उचलायचं, तीन पायऱ्या उचलून चढवायचं, सोफ्यावर ठेवायचं. ठेवायचं हाच शब्द आहे. मग तो समोर बसणार, चहा पिणार, मोबाइल बघणार, आणि मोबाइल खिशात घातला की मला कळायचं आता हा काय म्हणणार. "आत्या, निघायचं का?" सुशीला सुनेच्या गावाचं काहीतरी सांगत असायची, ते अर्धंच राहायचं. पुढच्या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि पुन्हा अर्धंच.

दुसऱ्या खेपेला परत येताना रामवाडीच्या पुलावर मी संतोषला सांगून टाकलं. पुन्हा मला सामानासारखी आणू नको. मी माझी येईन.

"आत्या, एवढ्या लांब? त्या खुर्चीवर?"

"त्या नाही. त्यात नव्या बॅटऱ्या घालून."

*

मग अड्ड्यावर अधिवेशन भरलं.

देशमुख सरांनी अंतर काढलं, चढ-उतार धरले, माझं वजन विचारलं (मी सांगितलं नाही, त्यांनी अंदाजाने धरलं आणि तो अंदाज मी अजून विसरलेली नाही), आणि निकाल दिला की लिथियम. पगारे म्हणाले लिथियमच घ्या, जात्याची दुसरी तळी माझ्याकडे पडूनच हाय. मनीषा म्हणाली आत्या, कुठली पण घ्या, पण मी धुणार नाही.

खैरनारच्या दुकानात गेलो. सोबत पगारे आले, भाव करायला. खैरनार इन्व्हर्टरच्या आणि रिक्षाच्या बॅटऱ्या विकतो, आमच्या मागणीनुसार मागवतो. पोरगा प्रामाणिक आहे, फक्त मला आजी म्हणतो.

त्याने टेबलावर दोन्ही मांडल्या. एक लिथियम, चकचकीत, डब्यासारखी. दुसरी आपली नेहमीची, आत पाण्याऐवजी दाट जेल भरलेली जेलची जोडी, काळी, बोजड.

"आजी, डोळे मिटून ही घ्या," त्याने लिथियमवर थाप मारली. "मखमलाबादला जाल, चहा प्याल, परत याल. शेवटपर्यंत एकच जोर. आणि तिथे लावायची वेळ आलीच तरी दोन-अडीच तासात फुल. तुमच्या गप्पा संपायच्या आत गाडी तयार!"

"आणि ही?"

"ही जुन्या चालीची. जाईल, आरामात जाईल. पण येताना माझा भरवसा नाही. तिथे चार्जिंगला लावावीच लागेल."

"किती वेळ?"

"आठ तास तरी. त्याच्या आत काढायची पण नाही, खराब होते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? आता ही कोणी घेत नाही. आठ तास कोणाला वेळ आहे?"

मी दोन्हींकडे बघत बसले. जेलच्या जोडीवर धूळ होती, ती पदराने पुसली.

"ही दे."

खैरनारला वाटलं मी किमतीला भ्याले. तो हप्त्याचं सांगायला लागला. मी म्हटलं, हप्ते तुझ्या लग्नाला ठेव, ही बसव. पगारे एकदम माझ्यावर घसरले. ताई, तुम्ही आम्हाला शिकवता आणि स्वतः असला माल उचलता? येताना रस्त्यात बंद पडली मंजी? मी म्हटलं, येतानाचं मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी सरांना कळलं. त्यांनी माझं अख्खं गणित पुन्हा करून दाखवलं आणि विचारलं, "कौसल्याबाई, सांगा, मी कुठे चुकलो?"

"उत्तर बरोबर आहे, सर."

"मग?"

मी विषय बदलला. सर अजून रुसलेत.

*

जायचा दिवस रविवार ठरवला. ऊन कलल्यावर निघाले. संतोष मोटारसायकलवर मागून येतो म्हणाला, त्याला मी घरी बसवला. पगारे बोगद्यापर्यंत सोडायला आले. मुंबई-आग्रा रस्त्याखालचा तो बोगदा म्हणजे इंदिरानगरवाल्यांचं दुखणं, सगळी वाहनं तिथे तुंबतात. पगारे मध्ये खुर्ची आडवी घालून थांबले, जात्याच्या तळीसकट, आणि एका टेम्पोवाल्याला म्हणाले, "थांब की जरा. बाई माहेरी निघाल्यात."

गोविंदनगर, मग सीबीएस, मग अशोकस्तंभ. मी सगळं बघत होते. कारमधून हेच रस्ते गेले होते, पण तेव्हा मला कोणी दाखवत होतं. आता मीच थांबत होते आणि मीच निघत होते. एका रसवंतीवाल्याने रस्त्यात येऊन ग्लास दिला, त्याला पैसे घ्यायला लावले. पुलावर मधोमध थांबून नदी पाहिली. पाणी कमीच होतं. पलीकडच्या चढाला दांडीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. मी म्हटलं, बाई, आता लाज राख.

पिवळ्यावरच पोचले.

सुशीला दारात होती, वॉकर धरून उभी, एका पायावर. किती वेळ उभी होती देव जाणे. नितीन धावत खाली आला आणि मला उचलायला वाकला. मी त्याचा हात बाजूला केला. खुर्चीवरून उतरले, पहिल्या पायरीवर बसले, मग हातांवर जोर देऊन दुसरीवर, मग तिसरीवर. लहानपणी आमच्या घराचं जोतं मी असंच चढायची. नितीन बघतच राहिला. सुशीला वरून म्हणाली, "ये ये, साडी सांभाळ."

मी पिशवीतून चार्जर काढून नितीनच्या हातात दिला. त्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठी पोर्चमध्ये प्लग होताच. कोणी बाहेरून चोरून वीज घेऊ नये म्हणून त्याचं बटण आत काढलेलं, सुशीलाच्या पुढच्या खोलीत, तिच्या खाटेशी. बटण दाबलं, बाहेर चार्जरवर लाल दिवा लागला.

"किती वेळ लागतो हो मावशी?" नितीनच्या बायकोने विचारलं.

"आठ तास."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग नितीनकडे. नितीन म्हणाला, मग मावशी आज इथेच राहा, दुसरं काय. मी म्हटलं, तुम्हाला त्रास. सुशीलाने तोवर दुसरी उशी काढली होती.

सुनेच्या गावाचं ते अर्धवट राहिलेलं त्या दिवशी पूर्ण ऐकलं. फार काही विशेष नव्हतं त्यात.

सकाळी नितीन कामाला निघाला. पोर्चमध्ये गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली, "मावशी, चार्जरवर दिवाच नाही. लाल नाही, हिरवा नाही."

आत आला. सुशीलाच्या खाटेशी वाकून पाहिलं. बटण बंद. त्याची बायको चहाचे कप घेऊन आली होती, तिनेही पाहिलं.

सुशीला मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रात्री लाइट गेली होती."

"आई, लाइट गेली म्हणून बटण कसं बंद होईल?"

सुशीलाने एक जाड काडी मोडून बाजूला टाकली. मी खिडकीतून कोबी बघत होते.

नितीनने बटण दाबलं. बाहेर लाल दिवा लागला. "म्हणजे आता पुन्हा आठ तास," तो म्हणाला. "संध्याकाळच होणार."

"आठ कसले, नऊ धर," सुशीला म्हणाली. "जुनं वायरिंग आहे."

बंगल्याची वास्तुशांत होऊन अजून वर्ष व्हायचंय.